चांदीचा डॉलर : संख्या, प्रत आणि पारख

१८८४ साली अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत चांदीचे ३२ लाख डॉलर पाडले गेले. त्याच वर्षी नेवाडा राज्यातील कार्सन सिटीच्या टांकसाळीत पाडलेल्या डॉलरांची संख्या होती ११ लाख ३६ हजार. दोन्ही नाण्यांचे वजन एक, कस एक, चित्र एक. फरक एवढाच की मागच्या बाजूला गरुडाखालच्या पुष्पचक्राच्या तळाशी एका नाण्यावर ‘एस’ हे बारीक अक्षर आहे आणि दुसऱ्यावर ‘सीसी’. व्यापाराचा साधा नियम लावला तर कमी संख्येचे नाणे महाग असायला हवे. प्रत्यक्षात कार्सन सिटीचे कोरे, हाताळणी न झालेले नाणे आजही काहीशे डॉलरांत सहज मिळते. सॅन फ्रान्सिस्कोचे झिजलेले नाणे त्याहूनही स्वस्त असते, परंतु तेच कोरे हवे असेल तर हजारो डॉलर मोजावे लागतात, आणि उत्तम प्रतीचे हवे असेल तर किंमत लाखांत जाते. संग्राहक त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात.

हे कोडे सोडवले की अमेरिकन चांदीच्या नाण्यांच्या संग्रहाचे अर्धे शास्त्र हाती येते. ते सोडवण्यासाठी नाण्याच्या जन्मापेक्षा त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहावे लागते. किती नाणी पाडली हे टांकसाळीची वही सांगते. किती उरली, आणि कोणत्या अवस्थेत उरली, हे ती सांगत नाही.

ज्या नाण्याबद्दल हे चालले आहे त्याला संग्राहक ‘मॉर्गन डॉलर’ म्हणतात. इंग्लंडहून आलेला कोरीवकार जॉर्ज मॉर्गन याने त्याचा ठसा घडवला. दर्शनी बाजूवरील स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासाठी फिलाडेल्फियातील ॲना विलेस विल्यम्स ही तरुणी त्याच्यासमोर बसली होती. नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि चांदी ९०० कसाची. २८ फेब्रुवारी १८७८ रोजी संमत झालेल्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी कोषागारावर दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन घातले. पश्चिमेकडील खाणींतून चांदीचा पूर येत होता, भाव कोसळत होते, आणि खाणमालकांना सरकारी गिऱ्हाईक हवे होते. जनतेला मात्र एवढ्या जड नाण्यांची गरज नव्हती. खिशात वागवायला कागदी नोट सोयीची. परिणामी कोट्यवधी डॉलर टांकसाळीतून निघाले ते थेट तळघरांत गेले. एका कापडी थैलीत एक हजार नाणी, आणि अशा थैल्यांच्या थप्पीवर थप्पी. गरज नसताना पाडलेली ही नाणी गरज नसल्यामुळेच पुढच्या पिढ्यांसाठी कोरी राहिली, हा या इतिहासातला गमतीचा भाग.

सगळ्या टांकसाळींच्या नाण्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८८४ ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी बहुतांशी सरळ बाजारात गेली. पश्चिम किनाऱ्यावर लोकांना रोख धातूची सवय होती. ती नाणी हातोहात फिरली, झिजली. कार्सन सिटीची नाणी थैल्यांतच पडून राहिली आणि त्यांतील ९ लाख ६२ हजारांहून अधिक नाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सरकारच्या ताब्यात कोरीच होती. म्हणून आकड्याने मोठे ते नाणे दुर्मिळ ठरले आणि आकड्याने लहान ते सुलभ.

तळघरांत पडलेल्या या साठ्यावर सर्वांत मोठा घाव पडला तो १९१८ साली, आणि त्याचे कारण होते हिंदुस्थान. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी लागणारा ताग, कापूस, धान्य, कातडी आणि सैनिक यांचा मोठा भार या देशावर होता. मालाचे आणि पगाराचे पैसे रुपयांत चुकवावे लागत, आणि रुपया म्हणजे चांदीचे नाणे. सरकारी नोट दाखवली की सरकारी खजिन्याने रोख रुपये मोजून देणे बंधनकारक होते. युद्धामुळे चांदीची आयात अडली, जगात चांदीचा भाव चढला, आणि युद्धाच्या उलटसुलट बातम्यांनी धास्तावलेले लोक नोटा घेऊन रुपये मागू लागले. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली, जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची काढली. पण कागदाने चांदीची भूक भागणारी नव्हती. खजिन्यातील रुपयांचा साठा तळ गाठू लागला. बँकेवर किंवा पेढीवर हुंडी घेऊन माणसे उभी राहिली आणि गल्ल्यात रोकड नसली म्हणजे काय होते हे व्यापारी घरांना समजावून सांगायला नको. येथे प्रश्न एका पेढीचा नव्हता, साम्राज्याच्या नोटेचा होता.

ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी संमत झाला. त्यानुसार ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवण्याची मुभा मिळाली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकण्यात आली. उरलेल्या चांदीतून अमेरिकेने स्वतःची छोटी नाणी पाडली. म्हणजे सुमारे २० कोटी औंस, अर्थात ६,२०० टनांवर चांदी समुद्र ओलांडून इकडे आली, आणि मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले.

येथे एक हिशेब मांडण्याजोगा आहे. अमेरिकन डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. आपला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. भागाकार केला तर उत्तर येते नेमके सव्वादोन. झिजेची घट सोडली तर एका मॉर्गन डॉलरातून सव्वादोन रुपये निघत. त्या हिशेबाने अमेरिकेच्या तळघरांतून आलेल्या चांदीत सुमारे ५८ कोटी रुपये पाडण्याची सोय होती. महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत आजही १९१८ आणि १९१९ सालांचे रुपये पूजेच्या डब्यात किंवा आजीच्या पेटीत सापडतात. ज्या रुपयाच्या मागच्या बाजूस कमळाखाली बारीक ठिपका उठलेला दिसतो तो मुंबईच्या टांकसाळीचा. त्यातील चांदी कधीकाळी फिलाडेल्फियात किंवा न्यू ऑर्लिन्समध्ये पाडलेल्या डॉलरांची असण्याचा पुरेपूर संभव आहे.

संग्राहकांच्या दृष्टीने या घटनेतील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कोणीही ठेवली नाही. थैल्या उचलल्या आणि वितळवल्या. कायद्यातच तितक्याच डॉलरांची पुन्हा भरती करण्याची अट होती, म्हणून १९२१ साली मॉर्गन डॉलर पुन्हा पाडण्यात आला आणि त्या एका वर्षात त्याची संख्या ८ कोटी ६० लाखांच्या वर गेली. त्याच वर्षाअखेरीस नव्या ठशाचा ‘पीस डॉलर’ आला, तो १९३५ पर्यंत चालला. परंतु भट्टीत गेलेली नाणी गेली. तेव्हापासून टांकसाळीचे आकडे हे जन्माचे दाखले राहिले, हयातीचे नव्हेत.

हयातीचा दाखला नसताना भाव कसा ठरायचा? अंदाजाने. आणि अंदाज चुकला म्हणजे काय घडते याचे उदाहरण १९६२ च्या हिवाळ्यात मिळाले. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर त्या वेळी संपूर्ण मालिकेतील राजा समजला जाई. पाडले होते ४४ लाख ५० हजार, पण कोरे नाणे क्वचितच कोणी पाहिले होते. जवळजवळ सगळे १९१८ साली वितळले असा सर्वांचा समज होता. सर्वमान्य दरपुस्तकात त्याचा भाव होता १,५०० डॉलर. नाताळाच्या तोंडावर चांदीच्या डॉलरांना मागणी वाढली म्हणून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतील एक जुना साठा उघडण्यात आला. १९२९ साली न्यू ऑर्लिन्सहून हलवून तेथे आणून ठेवलेल्या त्या थैल्यांत हाच डॉलर हजारोंच्या संख्येने निघाला. अल्पावधीत भाव तीस डॉलरांच्या आसपास आला. ज्यांनी आयुष्यभराची बचत देऊन ते नाणे घेतले होते त्यांच्या हाती चांदी तेवढीच राहिली, दुर्मिळता मात्र एका कुलपाबरोबर निघून गेली. बाजारात माल किती आहे हे न पाहता ‘कोठे दिसत नाही’ एवढ्यावर भाव बांधणाऱ्यांना ही गोष्ट नवीन वाटू नये. मालाच्या तेजीत अशी कोठारे अनेकदा उघडली आहेत.

त्यानंतर लोकांनी थैल्याच मागायला सुरुवात केली. मार्च १९६४ मध्ये वॉशिंग्टनच्या कोषागारासमोर रांगा लागल्या, आणि सरकारने डॉलर देणे थांबवले तेव्हा सुमारे ३० लाख नाणी शिल्लक होती, त्यांतील बहुतेक कार्सन सिटीची. ती १९७२ ते १९८० या काळात प्लॅस्टिकच्या कठीण पेट्यांत घालून टपालाने विकली गेली. १८८४ ची कार्सन सिटीची नाणी आज सुलभ आहेत ती यामुळेच. रेनो शहरातील लव्हेर रेडफिल्ड हा विक्षिप्त धनिक १९७४ साली वारला तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर सापडले. न्यायालयाच्या देखरेखीखाली १९७६ मध्ये झालेल्या लिलावात तो सारा ढीग ७३ लाख डॉलरांना एकगठ्ठा विकला गेला. खरेदीदाराने शहाणपण दाखवले: माल एकदम बाजारात ओतला नाही, वर्षानुवर्षे थोडा थोडा सोडला, आणि भाव टिकले.

याच्या उलट, ज्यांच्या हयातीविषयी शंकाच उरलेली नाही अशीही काही नाणी आहेत. दहा सेंटचे चांदीचे नाणे, ‘डाईम’, १८७३ साली कायद्याने किंचित जड करण्यात आले: २.४९ ग्रॅमवरून २.५० ग्रॅम. नव्या वजनाच्या नाण्यांवर सालाच्या दोन्ही बाजूंना छोटे बाण कोरले जात. त्याआधी कार्सन सिटीत बाणांशिवाय १२,४०० डाईम पाडले गेले होते. आज त्यांतील एकच ज्ञात आहे. बाकीची, एका ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या फरकापायी, भट्टीत गेली असावीत. बाल्टिमोरचे वित्तव्यवसायी लुई इलायसबर्ग यांनी ते नाणे नोव्हेंबर १९५० मध्ये ४,००० डॉलरांना घेतले आणि अमेरिकेच्या तोवर ज्ञात असलेल्या प्रत्येक सालाच्या व टांकसाळीच्या नाण्यांचा संच पूर्ण केला. असा संच पुरा करणारे ते पहिले, आणि आजवर तरी शेवटचे. १९४२ साली त्यांनी क्लॅप पितापुत्रांचा उत्कृष्ट संग्रह एक लाख डॉलरांना एकत्र घेतला होता. पाया तेथेच घातला गेला. ते एकुलते एक डाईम जानेवारी २०२३ मध्ये ३६ लाख डॉलरांना विकले गेले. साल पाहूनच नव्हे, तर टांकसाळ आणि बाण पाहून भाव ठरतो, हे याहून स्पष्ट कशाने सांगता येईल?

१८०४ च्या डॉलराची कथा तर अधिकच चमत्कारिक. त्या वर्षी टांकसाळीने १९,५७० डॉलर दिले खरे, पण ते जुन्या ठशांनी, आदल्या सालांचे. ‘१८०४’ हे साल असलेले नाणे त्या वर्षी पाडलेच गेले नाही. तीस वर्षांनी, मस्कतचे सुलतान आणि सयामचे राजे यांना भेट द्यावयाच्या नाण्यांचे संच तयार करताना टांकसाळीने जुन्या नोंदींवर विसंबून ते साल कोरले. दूत एडमंड रॉबर्ट्स याने मस्कतचे सुलतान सय्यद सईद यांना तो संच १८३५ साली दिला. मस्कतशी मुंबईच्या व्यापाऱ्यांचा संबंध जुना. परंतु या नाण्याने मुंबई पाहिली नाही. ते पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत परतले आणि १९९९ साली ४१ लाख ४० हजार डॉलरांना, तर २०२१ साली ७६ लाख ८० हजार डॉलरांना विकले गेले. या सालाची एकूण सोळा नाणी ज्ञात आहेत. त्यांतील काही नंतर टांकसाळीतील लोकांनीच चोरून पाडली. एक तर १८५७ सालच्या स्विस नाण्यावर ठसा मारून बनवलेले आहे, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सरकारी टांकसाळीत, सरकारी ठशांनी, खोट्या सालाने पाडलेली ही नाणी संग्राहकांनी डोक्यावर घेतली. त्याची उपपत्ती तर्काने लावण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

आता प्रतीकडे वळले पाहिजे, कारण संग्राहकाचा पैसा बहुधा येथेच जिंकला किंवा हरला जातो.

नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली. ती मुळात जुन्या तांब्याच्या सेंटसाठी होती आणि तिच्यामागे अगदी व्यापारी हिशेब होता: अत्यंत झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची सत्तर. तो हिशेब लवकरच निकामी झाला, आकडे मात्र राहिले. ६० पासून ७० पर्यंतचे अकरा टप्पे कोऱ्या नाण्यांसाठी असून त्यांना ‘एमएस’ ही अक्षरे लावतात. एमएस-६३ म्हणजे बरे कोरे, ६५ म्हणजे उत्तम, ६७ म्हणजे क्वचित दिसणारे. या अकरा टप्प्यांतील फरक साध्या डोळ्याला जेमतेम कळतो. परीक्षक चार गोष्टी पाहतो. ठशाचा उठाव पुरा आला आहे का, विशेषतः गरुडाच्या छातीवरची पिसे आणि देवतेच्या कानावरचे केस. पृष्ठभागावरची झळाळी अखंड आहे का. थैलीत नाण्यावर नाणे आदळून पडलेले ओरखडे किती आणि कोठे. गालावरचा ओरखडा केसांतल्या ओरखड्यापेक्षा महागात पडतो. आणि चौथी गोष्ट, जिला मोजमाप नाही: नाणे एकंदर डोळ्यांना कसे वाटते.

चौथ्या गोष्टीला मोजमाप नसल्यामुळे वाद अटळ होते. विकणारा म्हणे ६५, घेणारा म्हणे ६३, आणि दोहोंमध्ये कित्येकदा अनेक पटींचा फरक. म्हणून १९८६ पासून ‘पीसीजीएस’ आणि १९८७ पासून ‘एनजीसी’ या कंपन्यांनी त्रयस्थ म्हणून प्रत ठरवून नाणे प्लॅस्टिकच्या बंद डबीत मोहोरबंद करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. व्यापारात मोठी सोय झाली. दूरच्या माणसालाही आता नाणे न पाहता भाव सांगता येऊ लागला. सोयीबरोबर सट्टाही आला. १९८९ साली गुंतवणुकीच्या पैशाने भाव भडकले, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत इतके घसरले की त्या वेळी वर चढून घेतलेल्या अनेकांना मुद्दल परत मिळायला पुष्कळ काळ थांबावे लागले.

डबीवरचा आकडा हे अखेर मत आहे, मोजमाप नव्हे. तेच नाणे डबी फोडून पुन्हा पाठवले तर कधी एक गुण वर, कधी एक गुण खाली येतो. वर येईपर्यंत पाठवत राहणारे व्यापारीही आहेत. म्हणून २००७ साली ‘सीएसी’ ही आणखी एक कंपनी निघाली, जी फक्त एवढेच पाहते की डबीतले नाणे डबीवरच्या आकड्याला खरोखर शोभते का, आणि शोभत असेल तर हिरवी टिकली लावते. परीक्षकावर परीक्षक. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या शेल्डनविषयी त्याच्या मृत्यूनंतर जे उघड झाले ते असे: अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्याने काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते. ज्याने जगाला प्रत मोजायला शिकवले त्यानेच प्रतीची अदलाबदल केली. संस्थेने न्यायालयात जाऊन नाण्यांवरचा आपला हक्क शाबीत केला.

उच्च आकडा म्हणजे उच्च किंमत, हा समजही तपासून घ्यावा लागतो. १९८६ पासून अमेरिकी टांकसाळ एक औंस चांदीचे ‘ईगल’ नाणे दरवर्षी पाडते. भारतीय कुटुंबांतही परदेशी असलेला मुलगा किंवा भाऊ ते भेट म्हणून आणतो. यंत्रातून थेट डबीत गेलेल्या या नाण्यांना ७० पैकी ७० गुण मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यासाठी चांदीच्या भावावर मोठी रक्कम मोजणे म्हणजे गुणांकाचे पैसे देणे, दुर्मिळतेचे नव्हे. याच मालिकेतील १९९५ चे वेस्ट पॉइंट टांकसाळीचे ‘प्रूफ’ नाणे मात्र ३०,१२५ एवढेच निघाले, तेही सोन्याच्या नाण्यांच्या संचासोबत. म्हणून ते महाग आहे. प्रत आणि कमतरता दोन्ही एकत्र आल्या तरच भाव उभा राहतो. सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा डॉलर, एकूण एक लाख पाडलेला, या दोन्हींत बसतो. झिजलेला असला तरी त्याला हजारो डॉलर पडतात, आणि एमएस-६७ प्रतीचा एक नमुना २०२१ साली २० लाखांहून अधिक डॉलरांना गेला.

जेथे एवढा फरक तेथे लबाडी येणारच. फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावर ‘एस’ किंवा ‘सीसी’ अक्षर चिकटवणे ही जुनी युक्ती. १८९३ च्या खऱ्या सॅन फ्रान्सिस्को नाण्यावर देवतेच्या मुकुटपट्टीवरील ‘लिबर्टी’ शब्दातील ‘टी’च्या माथ्यावर ठशातून उठलेली एक बारीक रेघ असते, जाणकार भिंग प्रथम तेथे नेतो. आता तर संपूर्ण नाणेच नव्हे, डबी आणि तिच्यावरची चिठ्ठीसुद्धा बनावट मिळते. वजन २६.७३ ग्रॅमपासून लक्षणीय ढळले तर व्यवहार तेथेच थांबवावा; ते जुळले तरी एवढ्याने नाणे खरे ठरत नाही. चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधून तेथील छायाचित्र हातातल्या नाण्याशी ओरखड्यासह ताडून पाहणे हा अधिक भरवशाचा उपाय.

लबाडीपेक्षा मोठे नुकसान मात्र प्रामाणिक हातांनी होते. आपल्या घरांत दिवाळीपूर्वी चांदीची भांडी उजळण्याची पद्धत आहे. चिंच, रांगोळी, दंतमंजन, बाजारी पावडर, जे हाती लागेल ते. भांड्याला ते शोभते. नाण्याला ते मारक आहे. कोऱ्या नाण्यावरची झळाळी म्हणजे वरून दिलेला मुलामा नसतो. ठसा आदळताना धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे फिरवले की प्रकाश त्या रेषांवर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. एकदा घासले की त्या रेषा गेल्या, आणि त्या परत आणण्याचा उपाय कोणत्याही टांकसाळीकडे नाही. परीक्षण कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता केवळ ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि किंमत धातूकडे सरकू लागते. उलट थैलीच्या कापडातील गंधकाने शतकभरात चढलेली निळी, जांभळी, सोनेरी छटा संग्राहक जादा पैसे देऊन घेतात. जी काळपट दिसते म्हणून आपण पुसायला जावे तिलाच गिऱ्हाईक आहे. नाण्याला बोट लावायचे तर फक्त कडेला, आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवायचे नाही. त्यांतून निघणारा हिरवा चिकट थर चांदी खातो.

सराफी परंपरेच्या वाचकांसाठी आणखी एक नाणे येथे नोंदवायला हवे. १८७३ पासून अमेरिकेने चीनच्या व्यापारासाठी ४२० ग्रेनचा वेगळा ‘ट्रेड डॉलर’ पाडला. चीनच्या बंदरांत नाणे पारखणाऱ्या माणसाला इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत. शब्द आपल्याकडून गेलेला, सराफच तो. नाणे पारखले की तेथील पेढ्या त्यावर आपले छोटे चिनी अक्षर ठोकत, म्हणजे पुढच्या माणसाने विश्वास ठेवावा. काही डॉलर इतक्या हातांतून गेले की मूळ चित्र शोधावे लागते. संग्राहकांनी अनेक वर्षे अशा नाण्यांना खराब समजून बाजूला टाकले. आता काहीजण मुद्दाम तीच गोळा करतात आणि एकेका पेढीची खूण ओळखण्याचा प्रयत्न करतात.

खरेदीस उतरणाऱ्याने एक हिशेब आधी मांडावा. लिलावात शेवटची बोली ही अंतिम किंमत नसते. तिच्यावर लिलावगृहाचे सुमारे वीस टक्के चढतात. विकताना दुसऱ्या बाजूने कपात होते. म्हणजे आज घेतलेले नाणे उद्या त्याच भावाला विकले तरी पदरी तूट येते, आणि ती भरून निघण्यास काही वर्षे लागतात. चांदीची वीट कोणताही सराफ काट्यावर ठेवून घेतो. एमएस-६६ च्या डॉलरासाठी त्याच सालाचा, त्याच टांकसाळीचा आणि त्याच प्रतीचा शोध घेणारा माणूस भेटावा लागतो. असा माणूस भेटला तर तो भाव करीत नाही. भेटेपर्यंत नाणे डबीत, डबी पेटीत, आणि पेटी कोरड्या कपाटात राहू द्यावी लागते. इलायसबर्ग १९७६ साली वारले. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांचा लिलाव १९८२ मध्ये झाला, आणि चांदीची नाणी बाहेर निघाली ती १९९६ व १९९७ साली.